नहूनचा गोटा

तुळशीराम नान्हे यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा खिडकीखालच्या पेटीतला एक दगड मी सहज उचलून पाहिला. ते पाणी आणायला आत गेले होते. बाहेर आले, पेला माझ्या हाती दिला, सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढली आणि दगड जिथे होता नेमकी तिथे ठेवली. मग खुर्चीवर बसले.

"पाहा जी, निवांत पाहा," ते म्हणाले. "उचलला तर उचलला. पण जागा खाली नोका ठेवू."

दगड जागेवर गेला तेव्हाच काडेपेटी खिशात परत गेली. त्यांना विडीचे व्यसन नव्हते. काडेपेटी बहुधा एवढ्याच कामासाठी होती.

पुढच्या चार वर्षांत ही सवय मी अनेक रूपांत पाहिली. शेजाऱ्यांनी शिडी नेली की भिंतीला त्या जागी खराटा उभा असायचा. पत्नीचा, इंदूबाईंचा, फोटो काच बदलायला दिला होता; ते आठ दिवस खिळ्याला त्यांची स्वतःची टोपी लटकत होती. इंदूबाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. चंद्रपुरात पठाणपुरा दरवाज्याच्या आत, जुन्या परकोटापासून शंभर पावलांवर, दोन खोल्यांच्या घरात ते एकटे राहत.

सवयीचे मूळ नोकरीत होते. जमिनीखाली कोळसा आहे की नाही हे पाहण्यासाठी जंगलात खोल भोके पाडणाऱ्या एका सरकारी कॅम्पवर त्यांनी बत्तीस वर्षे काम केले. भोकातून दगडाचा लांबच लांब दांडा तुकड्यातुकड्यांनी वर येतो. त्याला कॅम्पवर कोर म्हणत. हे तुकडे खोलीच्या क्रमाने पाच खाचांच्या लांबट पेटीत लावायचे, हे नान्हे यांचे काम. तपासणीसाठी साहेबांनी मधला तुकडा काढून नेला तर तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा त्या जागी ठेवायचा आणि त्यावर लिहायचे : कितीवरचा तुकडा, कोणी नेला, परत कोण आणणार. तुकडा आला की ठोकळा निघतो. तोवर ठोकळ्याला कोणी हात लावायचा नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एक पेटी उलटी लावली होती. वरचे खाली, खालचे वर. पाऊस येत होता, अंधारून आले होते आणि दुपारपासून ताप होता. पण ही कारणे ते कधी सांगत नसत, मला ती त्यांच्या एका जुन्या सोबत्याकडून कळली. साहेबांनी पेटी पाहून तसेच लिहून घेतले. कागदावर कोळसा नसलेल्या ठिकाणी दिसू लागला. चूक दीड महिन्याने सापडली. तोवर शेजारचे दुसरे भोक चुकीच्या खोलीवर थांबवून यंत्र पुढे गेले होते. त्यांना कोणी कामावरून काढले नाही. साहेब एवढेच म्हणाले, की नान्हे, गोटा बोलत नाही, पेटी लावणारा बोलतो.

"एकडाव पेटी उलटी लागली का," नान्हे सांगत, "मंग पुढचं सारं बरोबर लिवलं तरी चुकतेच. अक्षर सुधारून काय होते? पेटीच उलटी हाय नं."

मी त्यांच्याकडे गेलो ते पेपरच्या कामाने. रविवारच्या पानासाठी शहराच्या आसपास पाहण्यासारख्या जागांवर दर आठवड्याला मजकूर हवा होता. किल्ला, देवळे, तलाव यांच्यावर सहा आठवडे निघाले आणि विषय संपला. तहसील कचेरीतला एक ओळखीचा म्हणाला, परकोटाजवळ एक म्हातारा आहे, तो भिंतीतले दगड वाचतो. मी बातमीदाराच्या संशयाने गेलो.

त्यांनी मला पहिल्या दिवशी परकोटाच्या भिंतीशीच नेले. कमरेइतक्या उंचीवर एक पिवळसर दगड होता. त्यावर बोटाच्या जाडीच्या, एकमेकींना समांतर अशा बारीक लाटा होत्या. खाली कोणाची तरी स्कूटर टेकवलेली होती.

"हे काय हाय?" त्यांनी विचारले.

"नक्षी?"

"नक्षी कोण करते जी इथी? नदीच्या तळची रेती हाये. वरून पाणी गेलं, रेतीवर सळ पडले, मंग त्याचाच गोटा झाला. कामठीचा गोटा म्हणतात याले. राजाच्या माणसानं खाणीतून काढला अन् भितीत बसवला. त्याले काय मालूम का नदी बसवून राह्यलो म्हणून."

"किती जुनी नदी?"

"पंचवीस कोटी वर्षं. पण हे आयकलेलं. साहेबानं सांगितलं. पाह्यलेलं नाई."

पाह्यलेलं आणि आयकलेलं. त्यांच्या बोलण्यात प्रत्येक गोष्टीवर यांपैकी एक शिक्का असे. राजाराणीच्या कथा, भुयार, सोन्याचा हंडा हे सारे ते मन लावून सांगत आणि शेवटी म्हणत, "आयकलेलं." इरईच्या काठावर कोळशाचा काळा पट्टा उघडा पडलेला आहे, तो पाह्यलेला. सिरोंच्याकडे दगड झालेली झाडे आडवी पडली आहेत, तीही पाह्यलेली. एकावर बसून भाकरी खाल्लेली. बातमीदारीत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसांना जी शिस्त शिकवून येत नाही, ती सातवी पास झालेल्या या माणसाकडे होती. रविवारच्या पानाचा मजकूर पुढे आठ महिने चालला. त्यात त्यांचे नाव घालू का, असे विचारले तेव्हा म्हणाले, "गोट्याचं नाव टाका. मी काय, उभा राहून दाखवून राह्यलो."

ते मूळचे धानोरा तालुक्यातले. वडील ढिवर, तलावात मासे धरत. गावाचा तलाव, बोडी म्हणजे शेतातले लहान तळे, जाळे आणि पावसाळ्यानंतर धानाच्या बांधीवर मजुरी. कॅम्प त्यांच्या गावाजवळ पडला तेव्हा हमाल म्हणून लागले आणि कॅम्पबरोबर निघून गेले. लग्नानंतर इंदूबाईंना त्यांनी चंद्रपुरात खोली करून दिली, कारण तिथे शाळा होती. मुलगा विनोद तिथेच वाढला. नान्हे महिन्यातून चार दिवस घरी येत, पावसाळ्यात तेही नाही. मुलाच्या शाळेची इमारत त्यांनी आतून एकदाच पाहिली. त्या दिवशी रविवार होता.

विनोद शिकला, इंजिनीअर झाला, पुण्याच्या एका कारखान्यातून दक्षिण आफ्रिकेत गेला. समुद्रकाठच्या ईस्ट लंडन नावाच्या शहरात मोटारी तयार होतात, तिथे. त्याचे लग्न झाले होते, टिकले नाही. शेजारी विचारत, मुलगा लंडनला काय करतो? नान्हे दर वेळी दुरुस्ती करत. "राणीचं लंडन नोहे, बापा. आफ्रिकेतलं. तिथी नदी थेट समुद्रात जाते अन् नदीतच जहाज उभं राहते. पाह्यलेलं हाय."

पाहिलेले होते, कारण निवृत्तीनंतर, इंदूबाई गेल्यावर, विनोदने त्यांना तीन महिन्यांसाठी तिकडे नेले होते. हा प्रवास त्यांनी मला इतक्या वेळा आणि इतक्या नेमकेपणाने सांगितला की, त्या शहराचा नकाशा मला न पाहता काढता येईल. अर्थात तो आयकलेला.

विनोद पहाटे साडेपाचला निघे आणि अंधार पडल्यावर येई. घरात दोन खुर्च्या होत्या. पहिले चार दिवस नान्हे खिडकीशी बसले. एकटे बाहेर जाऊ नका, असे विनोदने बजावले होते. पाचव्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत गेले. सहाव्या दिवशी नदीपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात नहून नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत, आणि तिसऱ्यात त्यापलीकडच्या खडकाळ टोकापर्यंत. जंगलात कॅम्पवर नवी जागा अशीच पाहायची असते, ते म्हणाले. रोज थोडे पुढे जायचे आणि परतीची खूण ठेवायची.

त्या टोकाच्या खडकावर गळ टाकून बसणारा एक काळा म्हातारा होता. त्याची भाषा नान्हे यांना येत नव्हती, यांची त्याला. दोघे दोन-दोन तास शेजारी बसत. मासा लागला की तो वर करून दाखवी आणि नान्हे हाताने ताण किती द्यायचा ते सांगत. "समुद्राचा मासा पाह्यला नव्हता मी कधी," ते म्हणाले. "पण गळाले लागला का सारे सारखेच वळवळतात. बुढ्याले समजलं का हा बी ढिवराचा पोट्टा हाय. कसं समजलं, मालूम नाई."

त्या शहराच्या म्युझियमात एक मासा ठेवलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असे सगळे धरून चालले होते, आणि तो तिथल्या समुद्रात जाळ्यात आला. बाजारात जाण्याआधी म्युझियमच्या एका बाईंनी तो ढिगातून ओळखला. परांच्या जागी त्याला जाड, पायांसारखे देठ आहेत. नान्हे यांनी तो चार वेळा जाऊन पाहिला. "आमच्या बुढ्याच्या जाळ्यात आला असता," ते वडिलांविषयी म्हणत, "तं आठवडी बाजारात वाटे करून इकला असता. बाई हुशार. तिनं पाह्यलं." त्याच इमारतीत एका पाटीवर जिभेच्या आकाराचे दगडातले पान होते. ते पाहून ते हसले, कारण तसेच पान त्यांनी बत्तीस वर्षांत कोळशाच्या वरच्या थरात शेकडो वेळा हाताळले होते.

आणि मग समुद्रकाठचा खडक. त्यांनी तो ओला करून पाहिला, गळ्यात दोरीने बांधलेल्या भिंगाने पाहिला, नखाने खरवडून पाहिला.

"कामठीचा गोटा," ते मला म्हणाले. त्या वेळी आवाज जरा खाली आला होता. "आपल्या परकोटाचा. तोच दाना, तोच रंग. म्हणजे मी सात समुद्र ओलांडून गेलो अन् घराच्या भितीपाशीच उभा होतो. साहेब सांगत होते का आफ्रिका अन् आपला मुलूख पयले जुडून होता, त्याले नाव बी आपल्याच गोंडवनाचं देल्लं हाय. बत्तीस वर्षं ते आयकलेलं होतं. त्या दिवशी पाह्यलेलं झालं."

ही गोष्ट त्यांना मुलाला दाखवायची होती. त्याच टोकाजवळ, लाखाहून अधिक वर्षांपूर्वी ओल्या वाळूवरून कोणी माणूस चालत गेला त्याच्या पावलांचे ठसे दगडात सापडले होते. तीही जागा दाखवायची होती. दर रविवारी ते विचारत. विनोद म्हणे, पुढच्या रविवारी, बाबा. कधी जादा पाळी असे, कधी तो दुपारपर्यंत झोपलेला असे. त्याला उठवणे नान्हे यांना जमत नसे.

शेवटच्या रविवारी दोघे निघाले. गाडीत बसले, नदीचा पूल आला, आणि कारखान्यातून फोन आला की काम बंद पडले आहे. विनोदने गाडी कडेला घेतली.

"मी म्हणलो, जा बेटा. काम हाय तं जा. मले इथीच उतरव, मी येतो चालत."

ते एकटे टोकापर्यंत गेले. खडकाच्या एका भेगेतून सुटून पडलेला तळहाताएवढा तुकडा त्यांनी उचलला. फळांच्या खोक्याच्या फळीतून कापलेला ठोकळा त्यांनी आदल्या दिवशीच तयार करून खिशात ठेवला होता. तो त्या भेगेत दाबून बसवला. म्हणजे गोटा एकट्याने आणायचा, हे त्यांना आदल्या दिवशीच ठाऊक होते का, असे मी विचारले. ठोकळ्यावर काय लिहिले, हेही विचारले. "नाव लिवलं. गोटा नेला म्हणून लिवलं. नियमाचं जेवढं असते तेवढं."

तो दगड त्यांच्या खिडकीखालच्या पेटीत, पाचव्या खाचेत, पहिल्या जागी होता. मोडीत निघालेली ती कोरची पेटी निवृत्तीच्या वेळी साहेबांच्या परवानगीने त्यांनी घरी आणली होती. पहिल्या भेटीत मी सहज उचलला तो हाच.

परत आल्यावर त्यांना एक गोष्ट खटकू लागली. तिथून दगड उचलायला परवानगी लागते का, हे त्यांनी कोणाला विचारले नव्हते. एवढ्या नियमाच्या माणसाकडून ते राहून गेले होते. दगड परत गेला पाहिजे, आणि तो विनोदने नेला पाहिजे, असे ते सांगत. विनोद सुटीवर येईल, चार दिवस त्याला इथल्या जागा दाखवायच्या, मग त्याच्या हाती दगड द्यायचा आणि त्याने तो भेगेत नेऊन ठेवायचा.

मी एकदा म्हणालो, कुरिअर करून टाकू.

"कुरिअरनं गोटा जाईन," ते म्हणाले. "पोट्टा नाई जाणार."

चार दिवसांचा बेत त्यांनी वहीच्या पानावर लिहून ठेवला होता. पहिला दिवस परकोट. दुसरा इरईचा काठ आणि कोळशाचा पट्टा. तिसरा सिरोंच्याची झाडे, सकाळच्या गाडीने. चौथा धानोरा, गावचा तलाव. प्रत्येक ओळीपुढे पाह्यलेलं असे लिहिले होते. दरवर्षी उन्हाळा येई तसा ते पान नव्याने उतरवून काढत, कारण एस.टी.च्या वेळा बदलत.

एका रविवारी विनोदचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. नान्हे यांना कमी ऐकू येऊ लागले होते, म्हणून फोन स्पीकरवर असे.

"बाबा, जेवले का?"

"जेवलो. तू?"

"आत्ता उठलो. रात्रपाळी होती."

"तिकीट काढलं का रे?"

"या महिन्यात नाई जमून राह्यलं, बाबा. नवीन मॉडेल सुरू करून राह्यले. माणसं कमी हायेत."

"बरं."

"पुढच्या महिन्यात नक्की."

"गोटा वाट पाहून राह्यला, विन्या."

तिकडे तो हसला. "गोट्याले काय घाई हाय, बाबा? तुमीच तं सांगता, पंचवीस कोटी वर्षं झाले त्याले."

"गोट्याले नाई घाई," नान्हे म्हणाले.

फोन ठेवून ते बराच वेळ भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. मुलगा येत नाही याचा राग येत नाही का, असे मी विचारले. प्रश्न नको होता. पण सवयीने विचारला गेला.

"त्याचा काय दोष जी? पोट्ट्यासंग फिराच्या वयात मी गोट्यासंग फिरलो. तो खिडकीत बसून माझी वाट पाहे, त्याची माय सांगत होती. आता मी पाहून राह्यलो. पेटी मीच उलटी लावली. आता अक्षर सुधारून काय होते."

पौषातल्या एका सकाळी दूधवाल्याला दार आतून बंद मिळाले. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून सांगितले होते की, इरईचे पाणी उतरले आहे, काळा पट्टा छान उघडा पडला आहे, फोटो काढायचा तर या आठवड्यात. छातीत दुखत होते की नाही, हे कोणालाच माहीत नाही. धानोऱ्याहून पुतण्या आला, त्याने अग्नी दिला. मी पेपरला चार ओळींची बातमी दिली : सेवानिवृत्त ड्रिलिंग कर्मचारी, पश्चात एक मुलगा. चारही ओळी खऱ्या होत्या.

विनोद तिसऱ्या दिवशी पोचला. चाळिशीच्या जवळचा, वडिलांसारखाच उंच, डोळ्यांखाली काळे झालेले. आल्यावर त्याने दोन्ही खोल्यांतून एक फेरी मारली. इंदूबाईंच्या फोटोशेजारी दुसरा खिळा आधीच ठोकलेला होता. त्याला नान्हे यांची टोपी होती.

"ही टोपी इथी काऊन?" त्याने विचारले.

मी सांगितले. फोटो, काच, आठ दिवस. नंतर त्यांनी टोपी काढली नाही, शेजारी खिळा ठोकून तिथे हलवली. का, ते मलाही माहीत नव्हते.

मग तो खिडकीखाली बसला आणि पाचव्या खाचेतला पहिला दगड त्याने उचलला. माझा हात खिशाकडे गेला. काडेपेटी माझ्याकडे नव्हती. पेन होते, ते मी त्या जागी ठेवले. विनोदने माझ्याकडे पाहिले, पेनाकडे पाहिले. सगळे सांगायला अर्धा तास लागला. तो मध्ये एकदाच बोलला.

"आमच्या घरून गाडीनं सात मिनिटं हाय ते टोक," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाले मले तिथी. मी अजून गेलो नाई."

त्याच्याकडे पाच दिवस होते, त्यातले तीन विधीत गेले. वहीतल्या बेतापैकी पहिला दिवस तेवढा झाला. वडिलांचे पान हातात घेऊन तो परकोटापाशी उभा राहिला. लाटांच्या दगडावर त्याने बोटे फिरवली.

"याच भितीवर चेंडू मारत होतो मी," तो म्हणाला. "शाळेतून आलो का अंधार पडेपर्यंत. एकटाच."

"बाबा?"

"कॅम्पवर."

स्कूटरवाला येऊन स्कूटर काढून घेऊन गेला, तेव्हा भिंतीचा खालचाही भाग दिसला. तिथेही लाटा होत्या.

जाण्याच्या दिवशी त्याने दगड मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवला. घरामागच्या सांदवाडीतल्या सरपणातून एक फळी शोधली, चाकूने तासून तळहाताएवढा ठोकळा केला आणि माझ्याकडून पेन मागून त्यावर लिहिले. अक्षर इंग्रजी वळणाचे झाले होते. मराठी लिहून बरीच वर्षे झाली असावीत. गोटा नहूनला नेला. वि. तु. नान्हे. पेटीतली जागा भरली. घराला कुलूप लागले आणि पेटी माझ्याकडे आली.

दीड महिन्याने एका रविवारी दुपारी त्याचा फोन आला. मागे वारा आणि पाण्याचा आवाज होता, त्यामुळे तो मोठ्याने बोलत होता.

"भाऊ, सापडला."

हा तिसरा रविवार, त्याने सांगितले. पहिल्या दोन रविवारी त्याने भेगा तपासल्या, पण भेगा शेकडो. आज गळ टाकून बसलेला एक म्हातारा भेटला. त्याला दगड दाखवला. म्हाताऱ्याने दगड हातात घेतला, विनोदच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि उठून चालू लागला. भरतीच्या रेषेच्या बरेच वर, आडोशाच्या एका भेगेत ठोकळा तसाच होता. म्हाताऱ्याने खुणेने सांगितले की, तो इकडे कोणाला हात लावू देत नाही.

"काय लिहिलंय त्यावर?" मी विचारले.

"खारानं पांढरा पडून गेला हाय. पण कोरलेलं हाय, वाचता येते." वाऱ्याचा आवाज वाढला आणि कमी झाला. "तु. नान्हे, चंद्रपूर. गोटा नेला. खाली अजून एक ओळ हाय."

"काय?"

"पोरगा आणून देईल."

त्या टोकावर रोज माणसे येतात. फिरायला, ठसे पाहायला, मासे धरायला. साडेपाच वर्षे तो ठोकळा तिथे होता आणि ती ओळ वाचू शकणारा माणूस त्या सगळ्या किनाऱ्यावर बहुधा एकच होता. सात मिनिटांवर.

"भाऊ," विनोद म्हणाला, "गोटा ठेवला मी भेगेत, ठोकळ्यापाशी. आता ठोकळा काढा लागते नं?"

"नियम तसाच आहे. तुकडा आला की ठोकळा निघतो."

"मंग त्या जागी काय ठेवू?" त्याने विचारले.

जागा आता रिकामी नव्हती. दगड तिथे होता. हे मी त्याला सांगू शकलो असतो. सांगितले नाही. घरात मी पेटीजवळच उभा होतो. पाचव्या खाचेत, पहिल्या जागी, त्याच्या अक्षराचा ठोकळा होता. त्यावर गोटा कुठे नेला आणि कोणी नेला हे होते. परत कोण आणणार, हे लिहायचे राहून गेले होते.